गुडघेदुखी, पूर्वमधुमेह आणि बसून केलेला व्यायाम: एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी घरीच ब्लाउज आणि परकर शिवून देणाऱ्या ५४ वर्षांच्या बाईंचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचे, कुटुंबाचे आणि कामाचे काही तपशील वगळले आहेत. बाई दिवसाचे सात-आठ तास मशीनवर बसतात. वीसेक वर्षे त्यांनी पायमशीन चालवले. तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा दुखू लागला, तेव्हा मुलाने त्याच मशीनला मोटर बसवून दिली. त्यानंतर त्यांच्या पायांना कामापुरतीही हालचाल उरली नाही. उजव्या पायाचा चवडा मोटरच्या पायडलवर आणि डावा पाय स्टुलाखाली, अशा बैठकीत त्यांचा दिवस जाऊ लागला.

त्यांच्या आईला मधुमेह होता. थोरल्या भावालाही तो आहे आणि मागच्या वर्षी त्याच्या पायाचे एक बोट काढावे लागले. त्या धास्तीने बाईंनी स्वतःहून तपासणी करून घेतली. उपाशीपोटी साखर ११२ आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी १६८ आली, आणि मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारे एचबीए१सी ६.३ टक्के होते. उपाशीपोटी १०० ते १२५, ग्लुकोजनंतर दोन तासांनी १४० ते १९९ आणि एचबीए१सी ५.७ ते ६.४ या पट्ट्याला पूर्वमधुमेह म्हणतात, आणि बाई तिन्ही कसोट्यांवर त्यात बसत होत्या. वजन ६४ किलो, उंची १५२ सें.मी., म्हणजे बॉडी मास इंडेक्स २७.७, कमरेचा घेर ९१ सें.मी. भारतीयांमध्ये २५ पासून पुढचा आकडा लठ्ठपणात धरतात आणि स्त्रियांच्या कमरेची मर्यादा ८० सें.मी. मानतात. दोन्ही गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये झीज दिसत होती, उजव्या बाजूला अधिक.

देशात अशी माणसे थोडीथोडकी नाहीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब (INDIAB) या सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोकांना पूर्वमधुमेह आहे. त्यातल्या पन्नाशीपुढच्या किती बायकांना गुडघ्यांमुळे चालणे जमत नाही, हे आमच्या गावातल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसले तरी लक्षात येते.

अडचण

बाईंच्या कौटुंबिक डॉक्टरांनी जेवणातली साखर आणि भात कमी करायला आणि रोज ४५ मिनिटे चालायला सांगितले होते. सल्ला शास्त्राला धरूनच होता. बाईंनी तो मनापासून पाळायचा प्रयत्न केला आणि पहिल्याच आठवड्यात उजवा गुडघा सुजला. त्यानंतर त्यांनी चालणे सोडले, आणि चालणे जमत नाही म्हणजे व्यायामच जमत नाही, असे ठरवून टाकले. आमच्या फिजिओथेरपी केंद्रात त्या आल्या त्या गुडघ्यासाठी. साखरेचा विषय बोलण्याच्या ओघात निघाला. "डॉक्टर, चाला म्हणणं सोपं आहे हो, पण जिना उतरताना माझा जीव जातो," असे त्या म्हणाल्या.

त्याच बोलण्यात आणखी एक गोष्ट समजली, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांवर तिचा परिणाम झाला. भाचीने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता: खुर्चीत बसून नुसत्या टाचा वर-खाली केल्या की साखर निम्म्याने उतरते. बाई मशीनवर बसल्या बसल्या अधूनमधून टाचा हलवू लागल्या होत्या आणि त्या भरवशावर रात्रीचा भात पुन्हा पूर्वीइतका घेऊ लागल्या होत्या.

व्हिडिओला आधार होता, आणि तो नीट समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटले. अमेरिकेतील ह्यूस्टन विद्यापीठात मार्क हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पोटरीच्या खोल थरात सोलिअस नावाचा स्नायू असतो. त्याचे वजन शरीराच्या साधारण एक टक्का असते, पण तो न थकता दीर्घकाळ काम करू शकतो. गुडघा काटकोनात वाकलेला असताना पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो आणि टाच उचलण्याचे काम मुख्यतः सोलिअसकडे येते. विशिष्ट पद्धतीने आणि तासन् तास ही हालचाल करवून घेतल्यावर ग्लुकोज पिण्यानंतरची साखरेची उसळी ५२ टक्क्यांनी कमी झाली होती. पण त्यात भाग घेतलेली माणसे मोजकीच होती, प्रत्येकाची हालचाल स्नायूवर लावलेल्या संवेदकांनी पारखून घेतली होती, आणि तो परिणाम प्रयोगाच्या त्या दिवसापुरता मोजला होता. महिनोन्महिने घरी असे केल्याने एचबीए१सी उतरते, असे त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही. व्हिडिओत मात्र सगळे तास गळून फक्त टक्के उरले होते.

तेव्हा आमच्यापुढचा प्रश्न असा होता: चालता न येणाऱ्या या बाईंना, दिवसभर बसूनच राहावे लागणाऱ्या त्यांच्या कामात, साखरेवर खरोखर परिणाम होईल असा व्यायाम कसा द्यायचा, आणि तो परिणाम होतो की नाही हे त्यांना स्वतःला कसे दिसेल?

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीचा होता. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली चेन्नईत झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, आणि आपल्या लोकांसाठी मला तो परदेशी अभ्यासांपेक्षा जवळचा वाटतो. त्यात काहीच न बदललेल्या गटातील ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. आहार-व्यायामाच्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५ टक्के, आणि दोन्ही एकत्र घेतलेल्या गटात ३९.५ टक्के राहिले. म्हणजे गोळी आणि दिनचर्येतला बदल यांचा लाभ जवळपास सारखा होता आणि दोन्ही एकत्र केल्याने तो वाढला नाही. डॉक्टरांनी गोळी नाकारली नाही. सहा महिने व्यायाम देऊन पाहावे आणि ग्लुकोजची चाचणी सुधारली नाही तर गोळी सुरू करावी, असे ठरले. ही मुदत आधीच लिहून ठेवली, त्यामुळे 'आणखी थोडे दिवस पाहू' असे म्हणत वर्ष निघून जाण्याची भीती राहिली नाही.

पाण्यात चालणे गुडघ्यांना सर्वांत सोयीचे, पण तरणतलाव जिल्ह्याच्या ठिकाणी होता. स्थिर सायकलचा विचार केला. बाईंचा उजवा गुडघा पूर्ण फेरीइतका वाकत नव्हता. गुडघ्याची शस्त्रक्रिया आधी करून मग चालणे सुरू करावे, असे घरच्यांचे म्हणणे होते, परंतु शस्त्रक्रियेची वेळ आली तरी साखर आटोक्यात आणि मांडीचे स्नायू मजबूत असणे हिताचेच ठरणार होते. म्हणून तो पर्याय बाजूला न सारता पुढे ढकलला.

उरला बसून करायचा व्यायाम. त्यासाठी सोलिअसखेरीजही आधार होता. इंग्लंडमधील लेस्टर येथे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लठ्ठ आणि मधुमेहाचा धोका असलेल्या माणसांनी दिवसभर बसून, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे फक्त हातांनी फिरवायचे यंत्र चालवले, तेव्हा जेवणानंतरची साखर लक्षणीय कमी राहिली. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा रक्तातले ग्लुकोज आत घेणारे वाहक इन्सुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात, आणि ते हाताच्या स्नायूंतही घडते, मांडीच्याही. काम करणारा स्नायू जितका मोठा आणि त्याच्यावरचा भार जितका अधिक, तितकी साखर जास्त उचलली जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की सारख्याच बॉडी मास इंडेक्सच्या युरोपीय माणसाच्या तुलनेत भारतीय शरीरात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. म्हणूनच मला नुसत्या हालचालीपेक्षा स्नायू वाढवणारा, भार देणारा व्यायाम आपल्या लोकांना अधिक गरजेचा वाटतो, मग तो खुर्चीत बसून का असेना.

पहिला निर्णय: आधी रक्त पाहणे

बाई लवकर थकत होत्या आणि त्यांच्या पापण्यांची आतली बाजू फिकी दिसत होती. हिमोग्लोबिन ९.६ आले आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही कमी निघाले. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या ॲनिमियात एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, त्यामुळे ६.३ या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उभा राहिला. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढले की एचबीए१सी आपोआप थोडे उतरणार आणि त्याचे श्रेय व्यायामाला जाणार, हे उघड होते. म्हणून प्रगती मोजण्यासाठी ग्लुकोजची दोन तासांची चाचणी हाच मुख्य निकष ठरवला. आपल्याकडे ॲनिमिया असलेल्या बायकांची संख्या पाहता हा मुद्दा दर वेळी तपासायला हवा.

दुसरा निर्णय: आहार आणि व्यायाम एकदम की एकामागून एक

जिल्ह्याच्या ठिकाणच्या आहारतज्ज्ञ फोनवर सल्ला देत होत्या. सर्व बदल एकाच दिवशी सुरू करावेत, असे त्यांचे मत होते, आणि साखर लवकर उतरवायची एवढाच हेतू असता तर ते बरोबर ठरले असते. पण बाईंच्या मनात व्हिडिओने बसवलेला समज होता, आणि तो उपदेशाने निघणार नव्हता. पहिले दोन आठवडे जेवण होते तसेच ठेवायचे आणि व्यायामाचा परिणाम त्यांनाच मोजू द्यायचा, असे आम्ही ठरवले. पूर्वमधुमेहात दोन आठवड्यांच्या उशिराने नुकसान होत नाही, हा विचार त्यामागे होता.

रात्रीचे जेवण ठरावीक ठेवले: दीड भाकरी, भाजी, आमटी आणि दोन मुदी भात. पहिला घास घेतल्यापासून एका तासाने बोटातून रक्त घेऊन ग्लुकोमीटरवर साखर पाहायची. एके दिवशी जेवून टीव्हीसमोर नुसते बसायचे, दुसऱ्या दिवशी जेवल्यावर दहा मिनिटे फक्त टाचा उचलायच्या, तिसऱ्या दिवशी वीस मिनिटांचा पूर्ण व्यायाम (तो पुढे दिला आहे) करायचा, आणि हा क्रम पुन्हा पुन्हा फिरवायचा. नुसते बसलेल्या दिवशी आकडे १८० ते १९५ च्या दरम्यान राहिले. फक्त टाचांच्या दिवशी ते १७५ ते १९० होते. ग्लुकोमीटरमध्येच १५ टक्क्यांपर्यंत चूक मान्य केलेली असते, तेव्हा एवढ्याशा फरकावरून काही म्हणता येत नव्हते. पूर्ण व्यायामाच्या दिवशी आकडे १५० ते १६५ मध्ये आले. ही एकाच व्यक्तीची मोजणी आहे आणि त्यातून सर्वांसाठी नियम काढता येणार नाही. परंतु बाईंच्या वहीत त्यांच्याच हाताने लिहिलेले ते तीन रकाने समोर ठेवल्यावर भाताची मूद एकावर आणण्यासाठी आम्हाला वेगळे काही सांगावे लागले नाही.

प्रत्यक्ष व्यायाम

व्यायामाची वेळ सर्वांत आधी ठरवली. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, साखर सहन करण्याची क्षमता कमी होण्याचा धोका असलेल्या साठीपुढच्या लोकांनी तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटे चालल्याने दिवसभराची साखर सकाळच्या सलग ४५ मिनिटांच्या चालण्याइतकीच सुधारली होती, आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यात हे तुकड्यातुकड्यांचे चालणे सरस ठरले होते. आम्ही चालण्याच्या जागी खुर्ची ठेवली, वेळ तीच ठेवली. बाई मधुमेहाचे कोणतेही औषध घेत नव्हत्या, त्यामुळे साखर एकदम खाली जाण्याची चिंता नव्हती. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना हीच वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी लागते.

खुर्ची हाताची नसलेली, भक्कम लाकडी आणि भिंतीला टेकवलेली घेतली. जेवणानंतर सुमारे वीस मिनिटांनी सुरुवात करायची. आधी बसल्या जागी पाय आळीपाळीने उचलून संचलन करायचे आणि हात खांद्याच्या उंचीपर्यंत झुलवायचे. मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करायचा, वर पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. सुरुवातीला अर्धा किलो, पुढे दीड किलो. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून दोन्ही हातांनी छातीकडे ओढायचा. टाचा उचलणे सोडले नाही, पण मांडीवर पाच किलो पिठाची पिशवी ठेवून ते करायचे, म्हणजे पोटरीला खरे काम पडते. शेवटी खुर्चीवर दोन उशा ठेवून उंच केलेल्या बैठकीवरून उठायचे आणि बसायचे, मांडीवर हातांचा आधार घेऊन. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका दम लागावा, हे माप दिले. जोर लावताना श्वास रोखायचा नाही हे वारंवार सांगितले, कारण त्यांचा रक्तदाब १३६/८४ होता.

मशीनच्या मोटरचा प्रश्न त्यांनीच काढला: पुन्हा पायाने चालवले तर? आम्ही घरी जाऊन बैठक पाहिली. स्टूल इतके ठेंगणे होते की पायडल दाबताना गुडघा काटकोनापेक्षा बराच जास्त वाकत होता, आणि दुखणे त्यातूनच वाढत असावे. स्टुलावर चार बोटे उंचीची पाटी ठोकून घेतली, मोटरचा पट्टा काढून जुना पट्टा चढवला आणि दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास पायमशीन चालवून पाहिले. घोट्यापासून पाय हलत होता, गुडघा शांत होता. दुपारच्या वेळेसाठी हाच त्यांचा व्यायाम ठरला. बाकी वेळ मोटरच राहिली, कारण सणासुदीच्या ऑर्डरी पायाच्या वेगाने पुऱ्या होत नाहीत. पायमशीनने साखर किती उतरते हे मी ठामपणे सांगू शकत नाही, पण त्या कामात स्वतंत्र वेळ काढावा लागत नाही, आणि व्यायाम टिकण्यासाठी ही गोष्ट फार मोलाची असते.

तिसरा निर्णय: पोटरीतले दुखणे

नवव्या आठवड्यात बाईंचा फोन आला की डावी पोटरी दुखते आहे आणि थोडी सुजल्यासारखी वाटते. व्यायामाने स्नायू दुखला असेल, शेक द्या, असे सांगणे सोपे होते. परंतु दिवसाचे सात-आठ तास बसून काम करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या व्यक्तीच्या एकाच पायाला सूज आणि दुखणे आले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली नाही ना, हे आधी पाहावे लागते. व्यायाम त्याच दिवशी थांबवला, पोटरी चोळायला मनाई केली आणि डॉक्टरांनी शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीसाठी पाठवले. गुठळी नव्हती, स्नायू ताणला गेला होता. पिठाची पिशवी पाच किलोवरून एकदम आठ किलोवर नेल्याचे नंतर समजले. दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर भार तीन किलोपासून पुन्हा सुरू केला. तपासणीचा खर्च वाया गेला, असे घरच्यांना वाटले. मला तो योग्यच वाटतो, आणि अशाच परिस्थितीत मी पुन्हा तोच सल्ला देईन.

निष्पत्ती

सहा महिन्यांनी ग्लुकोजनंतरची दोन तासांची साखर १६८ वरून १४४ वर आली. म्हणजे ती पूर्वमधुमेहाच्या पट्ट्यातच राहिली, पण त्याच्या मध्यावरून खालच्या टोकाशी पोहोचली. उपाशीपोटीची साखर ११२ वरून १०७ झाली. ती मुख्यतः यकृतातून रात्री सुटणाऱ्या ग्लुकोजवर अवलंबून असते, त्यामुळे तिच्यात मोठ्या फरकाची अपेक्षा नव्हती. एचबीए१सी ५.९ झाले आणि हिमोग्लोबिन ११.८, या दोन आकड्यांचा संबंध आधीच माहीत असल्याने ५.९ चा गाजावाजा आम्ही केला नाही. वजन दोन किलोंनी कमी झाले. ३० सेकंदांत खुर्चीतून उठण्याची संख्या सहावरून अकरावर गेली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच आहे, कारण मांडीतली ताकद वाढल्यावर गुडघ्यावरचा ताण कमी झाला आणि बाई सपाट रस्त्यावर दहा-बारा मिनिटे न सुजता चालू लागल्या.

गोळी सुरू करायची की नाही, हा प्रश्न ठरलेल्या मुदतीला पुन्हा घेतला. डॉक्टरांनी ती आणखी सहा महिने पुढे ढकलली. या सुधारणेत व्यायामाचा वाटा किती, एका मुदीवर आलेल्या भाताचा किती आणि दिवसाच्या पाच गोड चहांवरून दोनवर येण्याचा किती, हे पहिल्या दोन आठवड्यांनंतर वेगळे काढता येत नाही.

दिवाळीच्या आधीचा महिनाभर रात्रीचा व्यायाम जवळजवळ बंद होता. रात्री अकरापर्यंत मशीन चालू असे आणि जेवण मशीनशेजारीच होई. त्या काळात जेवणानंतरचे आकडे पुन्हा १८० च्या आसपास गेले. स्नायूने साखर उचलण्याचा हा लाभ साठवून ठेवता येत नाही. एखाद्या सत्राचा परिणाम तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ओसरतो.

वेगळे काय करता आले असते

दिवाळीचा महिना दरवर्षी येतो आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला तो टाळता येत नाही. त्या महिन्यापुरता वेगळा, तुटपुंजा का होईना पण ठरलेला कार्यक्रम आधीच द्यायला हवा होता: दर अर्ध्या तासाला मशीन थांबवून दोन मिनिटे गुडघा सरळ करणे आणि पट्टा ओढणे, एवढेही पुरले असते. बसण्यात वारंवार छोटे खंड पाडल्याने जेवणानंतरची साखर कमी राहते, हे ऑस्ट्रेलियातील डंस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दर वीस मिनिटांनी दोन मिनिटे चालवून दाखवले होते. तेच तत्त्व मशीनवरच्या बैठकीला लावता येते.

भार किती आठवड्यांनी किती वाढवायचा, हे तोंडी सांगण्याऐवजी वहीत लिहून दिले असते तर पोटरी कदाचित दुखावली नसती. घरी शिकवताना सून सोबत होती. मुलगा नव्हता, आणि जड पिशवी त्यानेच उत्साहाने आणून दिली होती. घरातली सर्व मोठी माणसे एकदा तरी हजर असावीत, असा आग्रह आता आम्ही धरतो.

कमरेचा घेर सहा महिन्यांनी मोजायचा राहिला. वजन दोनच किलो उतरले आणि स्नायू वाढले, अशा वेळी चरबी कुठून कमी झाली याचा अंदाज वजनकाट्यावरून येत नाही. टेपने मात्र आला असता. तो घेर, उजव्या गुडघ्याचा नवा एक्स-रे आणि ग्लुकोजची दोन तासांची चाचणी, ही तीन कामे पुढच्या तपासणीसाठी बाईंच्या वहीत लिहून दिली आहेत. दोन तासांची साखर त्या वेळी १४० च्या खाली आली नाही, तर मेटफॉर्मिन सुरू करायला बाईंची तयारी आहे.